टिपी: कुत्र्यांनी ओढलेलं घर, घोड्यांनी वाढवलेलं

१५४१ मध्ये स्पॅनिश सरदार कोरोनाडो सोन्याच्या शोधात आजच्या टेक्सासच्या माळरानात पोचला, तेव्हा त्याच्या लोकांना बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्यांच्या, कळपांमागे फिरणारी माणसं भेटली. त्यांच्याकडे घोडे नव्हते. कातडी तंबू आणि त्यांचे वासे कुत्रे वाहून नेत. टिपी म्हणजे वाशांवर कातडं ताणून उभारलेलं शंकूच्या आकाराचं घर. तशा घराच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक. घर मात्र त्याहून बरंच जुनं. तंबूच्या कडा दाबायला ठेवलेल्या दगडांची वर्तुळं कॅनडातल्या अल्बर्टाच्या आणि अमेरिकेतल्या मोंटाना, वायोमिंगच्या माळांवर आजही हजारोंनी आढळतात.

कुत्र्याला जुंपलेल्या, मागे फरफटत येणाऱ्या दोन दांड्यांवर ओझं लादून लादून किती लादणार? त्यामुळे तंबूही बेताचाच. १६८० मध्ये न्यू मेक्सिकोत तिथल्या मूळ रहिवासी प्युब्लो लोकांनी स्पॅनिशांना हुसकावून लावलं, त्यांचे घोडे मागे राहिले आणि पुढच्या शतकभरात घोड्यांचा उत्तरेकडचा प्रसार आणखी वाढला. मग वीस-पंचवीस फुटी वासे आणि डझनभर कातड्यांचं आच्छादन घेऊन हिंडणं जमू लागलं. अनादि काळापासूनची वाटणारी ती उंच, ऐसपैस टिपी खरं तर घोड्यांच्या काळातली आहे.

शिकार पुरुषांची, पण घर बाईचं. बनवणारीही तीच आणि बहुतेक जमातींत मालकीणही तीच. कातडं खुंट्यांनी जमिनीवर ताणायचं, आतलं मांस आणि चरबी खरवडायची, जाडी तासून एकसारखी करायची. मग त्यावर जनावराचाच मेंदू चोळायचा आणि मऊ पडेपर्यंत दोरावर घासत राहायचं. अशी बारा-चौदा कातडी जमली की स्नायूच्या दोऱ्याने शिवण. शेंड्याजवळचं धूर खाल्लेलं कातडं भिजून वाळलं तरी कडक होत नसे, म्हणून आच्छादन जुनं झालं की त्याचे पायताण शिवत.

उभारणीची सुरुवात मैदानी जमातींपैकी लाकोटा आणि शायेन तीन वाशांनी करतात, क्रो आणि ब्लॅकफूट चार वाशांनी. बाकीचे वासे त्यांवर टेकवायचे, शेवटच्या वाशाला बांधून आच्छादन वर चढवायचं, पुढची शिवण लाकडी काड्यांनी अडकवायची. दार साधारणपणे पूर्वेला. शंकू सरळ नसतो: पाठ जास्त उभी, दाराची बाजू उतरती, त्यामुळे धुराचं तोंड चुलीच्या जवळपास वर येतं. त्या तोंडाच्या दोन झडपा बाहेरच्या दोन दांड्यांनी वारा पाहून फिरवायच्या. आतून कमरेच्याही वर अस्तर बांधलेलं असतं. आच्छादनाखालून शिरलेली हवा अस्तरामागून वर चढते आणि धुराला बाहेर रेटते. अस्तर नसेल तर थंडीत गार वारा थेट पाठीला लागतो. यजमान दारासमोर मागच्या बाजूला बसतो. बसलेला माणूस आणि चूल यांच्या मधून जाणं असभ्य समजतात.

अमेरिकी लष्करातल्या हेन्री सिब्ली या अधिकाऱ्याने ही रचना पाहून शंकूच्या आकाराचा तंबू तयार केला आणि १८५६ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. मैदानी जमातींशी लढणाऱ्या फौजा पुढे त्याच तंबूत झोपल्या.

१८७० च्या दशकात कातड्यांच्या व्यापारासाठी बायसनची बेसुमार कत्तल झाली. १८८० चं दशक संपताना मोकळे फिरणारे बायसन काहीशेच उरले होते. कातडंच मिळेना, तेव्हा बायकांनी व्यापाऱ्यांकडचं, सरकारी वाटपातलं कॅनव्हास शिवायला घेतलं. ते हलकं होतं, पण लवकर कुजे. कातड्याची टिपी संपली, तरी टिपी कशी बेतायची ते ज्ञान टिकलं, आणि त्याचं श्रेय मी त्या शिवणाऱ्या बायकांना देईन. जमातींसाठी ठरवून दिलेल्या राखीव क्षेत्रांत सरकारला मात्र लोक लाकडी घरांत राहून शेती करायला हवे होते.

१९०४ मध्ये मोंटानात सरकारी एजंटाने क्रो लोकांना शेतीची गोडी लागावी म्हणून जत्रा सुरू केली. ती आजही ऑगस्टमध्ये भरते, आणि लिटल बिगहॉर्न नदीकाठी तेव्हा हजाराच्या वर टिपी उभ्या राहतात. मुक्कामासाठी घराघरातून वासे आणले जातात. क्रो लोकांचे वासे इतके लांब असतात की आच्छादनाच्या वरही ते बरेच बाहेर डोकावतात.