रेंजफाइंडर आणि कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा

दोन्ही कॅमेरे लहान चणीचे आणि आरसा नसलेले. त्यामुळे त्यांची तुलना वारंवार होते आणि बहुतेक वेळा ती चित्राच्या दर्जावरच अडकते. दर्जाचा प्रश्न मुख्यतः सेन्सरच्या आकाराचा आहे. या दोन जातींमधला मूळ फरक फोकसचा. कॉम्पॅक्टमध्ये प्रत्यक्ष लेन्समधून येणारे चित्र पडद्यावर दिसते आणि अंतर यंत्र ठरवते. रेंजफाइंडरमध्ये अंतर डोळ्याने जुळवावे लागते, आणि लेन्सला काय दिसते आहे ते व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतच नाही.

रेंजफाइंडरच्या दर्शनी बाजूला व्ह्यूफाइंडरची मोठी आणि अंतरमापकाची छोटी अशा दोन खिडक्या असतात. छोट्या खिडकीतली प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एका उजळ चौकोनात पडते. फोकस रिंग फिरवली की लेन्सच्या मागच्या टोकाचा कॅम (चढउतार असलेली कड) माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, आतल्या रोलरला ढकलतो. रोलरच्या दांड्याबरोबर ती प्रतिमा आडवी सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस लागला. उभी कड, खांब किंवा खिडकीची चौकट यांवर हे पटकन जमते. आडव्या रेघांवर मात्र काहीच कळत नाही, तेव्हा कॅमेरा उभा धरून पाहावे.

दोन खिडक्यांमधल्या अंतराला बेस म्हणतात. बेसला व्ह्यूफाइंडरच्या आवर्धनाने गुणले की मापकाची खरी ताकद कळते. १९५४ च्या लायका एम३ मध्ये आवर्धन ०.९१ असल्याने हा परिणामी बेस सुमारे ६२ मिमी भरतो, ०.७२ आवर्धनाच्या नंतरच्या एम कॅमेऱ्यांत तो सुमारे ५० मिमी आहे. एम३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ३५ मिमी लेन्सची हद्द दाखवणारी चौकट नाही, ही त्या मोठ्या आवर्धनाची किंमत. ५० मिमी लेन्सचे अॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/१.४ एवढे मोठे ठेवून ती १ मीटरवर फोकस केली, तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, जेमतेम ३ सेंमी असते. लेन्स जितकी लांब, तितकी ही कसोटी कठीण होत जाते. १३५ मिमीच्या पुढे यंत्रणा पुरी पडत नाही, आणि चौकटही टपाल तिकिटाएवढी उरते.

मापक हलला की चित्रामागून चित्र किंचित पुढे वा मागे फोकस होते, आणि दोष लेन्सवर ढकलला जातो. तपासणी सोपी आहे. रिंग अनंतावर टेकवून किलोमीटरभर लांबच्या मनोऱ्याकडे पाहावे. प्रतिमा जुळायलाच हव्यात. मग तिपाईवरून १ मीटरवर तिरकी ठेवलेली पट्टी पूर्ण उघड्या अॅपर्चरला टिपावी. सगळ्याच लेन्स एका दिशेने चुकत असतील तर बॉडी दुरुस्तीला द्यावी, एकच चुकत असेल तर ती लेन्स. काही वेगवान लेन्समध्ये अॅपर्चर लहान केल्यावर फोकस मागे सरकतो. हा गोलीय विपथनाचा, म्हणजे भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न मिळण्याचा, परिणाम आहे. मापक कितीही जुळवला तरी तो जात नाही.

बाकीच्या चुका नवशिक्यांच्या. झाकण लेन्सवरच राहते आणि व्ह्यूफाइंडर मात्र लख्ख दिसत असतो. लेन्सवर ऊन अडवायला लावलेला लांब हूड चौकटीचा कोपरा खातो. एम माउंटच्या बऱ्याच लेन्स ०.७ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. चौकट फोकसनुसार सरकून पॅरॅलॅक्स (खिडकी आणि लेन्स वेगळ्या जागी असल्याने पडणारा फरक) सावरते, पण तिचा आकार बदलत नाही, त्यामुळे लांबच्या दृश्यात चौकटीबाहेरचे थोडे जास्तच येते.

कॉम्पॅक्टची गोष्ट वेगळी. १/२.३ इंची म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात सुमारे ६.२ × ४.६ मिमी, ‘१ इंची’ १३.२ × ८.८ मिमी, तर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा ‘फुल फ्रेम’ ३६ × २४ मिमी. नावातल्या इंचाचा खऱ्या मापाशी संबंध नाही, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. २०१२ च्या सोनी आरएक्स१०० ने १ इंची सेन्सर खिशात आणला. त्याचे एफ/१.८ प्रकाशाच्या बाबतीत एफ/१.८ च असते, पण डेप्थ ऑफ फील्ड फुल फ्रेमच्या साधारण एफ/४.९ एवढी. जवळची वस्तू, रस्ता, प्रवास यांसाठी हे सोयीचेच. पार्श्वभूमी विरघळवायची असेल तर मात्र हा कॅमेरा कमी पडतो.

कॉन्ट्रास्टवर (चित्रातल्या उजेड-अंधाराच्या फरकावर) चालणारा ऑटोफोकस मंद प्रकाशात किंवा कोऱ्या भिंतीवर पुढे-मागे शोधत राहतो आणि क्षण निसटतो. शटर अर्धे दाबून आधीच फोकस धरून ठेवणे हा त्यावरचा पहिला उपाय. दुसरा रेंजफाइंडरवाल्यांकडून आलेला: अंतर आधीच ठरवून मोकळे होणे. फुल फ्रेमवर २८ मिमी, एफ/८ आणि ३.३ मीटर लावले की सुमारे १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत स्पष्ट येते. त्याच एफ/८ ला ३५ मिमी लेन्स ३ मीटरवर ठेवली तर १.९ ते ७.२ मीटर. हे आकडे ०.०३ मिमीच्या जुन्या निकषावरचे आहेत, म्हणजे एवढा पसरलेला ठिपकाही स्पष्टच मानायचा. ६० मेगापिक्सेलचे चित्र मोठे करून पाहणाऱ्याने अॅपर्चर एक-दोन स्टॉप (एका स्टॉपने प्रकाश निम्मा) आणखी लहान ठेवावे. रिको जीआरमधला स्नॅप फोकस हेच काम एका दाबात करतो.

डिजिटल रेंजफाइंडरची सुरुवात एप्सन आर-डी१ ने २००४ मध्ये केली. लायका एम८ २००६ मध्ये, फुल फ्रेम एम९ २००९ मध्ये आला. एम माउंट आणि फिल्म यांत अंतर फक्त २७.८ मिमी. वाइड लेन्सचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ जाते. फिल्मला ते चालते. सेन्सरवर मात्र कडेला तिरके किरण पडून कोपरे काळवंडतात, रंगही चढतो. त्यासाठी सेन्सरच्या पिक्सेलांवरची कडेची सूक्ष्मभिंगे सरकवावी लागली आणि सेन्सरवरची काच पातळ ठेवावी लागली. एम८ मध्ये त्यामुळे अवरक्त प्रकाश आत शिरला आणि काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले. लेन्सवर वेगळा फिल्टर लावणे हाच इलाज होता.

२०११ चा फुजीफिल्म एक्स१०० आणि त्याच्या पुढच्या पिढ्या दिसायला रेंजफाइंडर, पण आत अंतरमापक नाही. कोपऱ्यात खिडकी असली म्हणजे रेंजफाइंडर होत नाही.

देखभालीत दोघांचे शत्रू वेगळे. रेंजफाइंडरचा मापक धक्क्याने हलतो आणि लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते, पण ती पुसता येते. कॉम्पॅक्टची आत-बाहेर होणारी नळी वाळूच्या कणाने अडकते, आणि कॅमेरा बॅगेत चुकून चालू झाला तर तिची गिअर्स झिजतात. नळीच्या हालचालीने आत ओढलेली धूळ सेन्सरवर बसली, तर कॅमेरा खोलल्याशिवाय निघत नाही. धूळ आहे का ते पाहायला एफ/८ वर आकाश टिपून काळे ठिपके शोधावेत.