डिफॉल्टची नोंद, कमांडच्या दस्तऐवजांतील

कमांड चालवताना वापरकर्त्याने एखादी गोष्ट सांगितली नाही, तर प्रोग्रॅम जे मूल्य किंवा वर्तन गृहीत धरतो ते डिफॉल्ट. 'हेड' ही कमांड ओळींची संख्या सांगितली नाही तर फाइलच्या पहिल्या १० ओळी दाखवते. इतक्या साध्या ठिकाणी एक वाक्य पुरते.

गोंधळ होतो तो पर्यायाला स्वतःचे ऐच्छिक मूल्य असते तिथे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या 'एलएस' या फायलींची नावे दाखवणाऱ्या कमांडचा, नावे रंगीत करणारा '--कलर' हा पर्याय नुसता लिहिता येतो किंवा त्याला 'ऑल्वेज', 'ऑटो', 'नेव्हर' यांपैकी एक मूल्य देता येते. तिच्या मॅन पानाच्या, म्हणजे कमांडच्या माहितीपानाच्या, जुन्या आवृत्त्यांत 'ऑल्वेज'पुढे कंसात 'वगळल्यास डिफॉल्ट' अशा अर्थाचे शब्द होते. त्याच पानावर खाली, रंग डिफॉल्टने बंद असतात, असेही होते. दोन्ही विधाने खरीच. पहिल्यात वगळले आहे ते मूल्य, दुसऱ्यात अख्खा पर्याय. पण वगळले काय, हेच पहिल्या वाक्यात नाही, आणि नवख्याने ते ताडावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे. ग्नूच्याच कमांडसंचातील 'टेल'चे (फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या कमांडचे) पान तिच्या '--फॉलो' या पर्यायाबद्दल नेमके बोलते: पर्यायाचे मूल्य दिले नसेल तर 'डिस्क्रिप्टर' समजावे. असे लिहायला चार शब्द जास्त लागतात, एवढेच.

उबुंटूवर मात्र 'एलएस' रंगीतच दिसते, कारण शेलच्या (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमधील एक उपनाम, म्हणजे कमांडच्या नावाला दिलेला पर्यायी अर्थ, '--कलर=ऑटो' परस्पर जोडते. म्हणजे कमांडचे डिफॉल्ट वेगळे आणि वापरकर्त्याच्या पडद्यावरचे वेगळे. शिवाय 'एलएस' टर्मिनलवर नावे रकान्यांत मांडते, पाइपमध्ये (आउटपुट दुसऱ्या कमांडकडे जाते तेव्हा) मात्र एका ओळीत एकच नाव देते. असे डिफॉल्ट अटीसकटच लिहावे लागते.

आकड्याला एकक हवेच. दुसरा संगणक प्रतिसाद देतो का ते तपासणाऱ्या 'पिंग' कमांडचा प्रतिसादाची वाट पाहण्याचा पर्याय लिनक्सवर सेकंदांत मोजतो, विंडोजवर मिलिसेकंदांत. विंडोजवरचे डिफॉल्ट ४००० मिलिसेकंद आहे.

डिफॉल्ट बदलते तेव्हा आवृत्तीचा उल्लेख टाळता येत नाही. २०१४ मध्ये गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची २.० आवृत्ती आली आणि काही न सांगता दिलेला 'पुश' (काम सर्व्हरवर पाठवणारी कमांड) तिथे व इथे समान नावे असलेल्या सर्व शाखांऐवजी (कामाच्या समांतर आवृत्त्यांऐवजी) फक्त चालू शाखा पाठवू लागला. जुन्या आवृत्तीवर बसलेल्याने नवे पान वाचले, तर त्याच्या अर्धवट शाखाही सर्व्हरवर जाऊ शकतात.