सोडलेलं पाणी आणि भरतीचं पाणी: कुंडलिकेत कयाक घालण्याआधी

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीचं पाणी सकाळी चढतं आणि नंतर उतरतं. हीच नदी रोह्याच्या पुढे खाडी होऊन रेवदंड्याला समुद्राकडे निघाली की तिथंही पाणी रोज चढतं-उतरतं. काठावरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. म्हणून कोलाडला शिकलेला 'सकाळी पाणी असतं' हा हिशेब लोक खाडीत लावतात आणि अडकतात.

वरचं पाणी माणूस सोडतो. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात येतं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. जनित्रं फिरवून झालेलं पाणी पुढे रवाळज्याहून नदीत सुटतं आणि त्यावरच साजे गावापासूनचं राफ्टिंग चालतं. किती पाणी सुटेल आणि कधी, हे विजेच्या गरजेवर ठरत असल्यामुळे पंचांगात किंवा हवामानाच्या ॲपमध्ये ते सापडत नाही. आदल्या संध्याकाळी राफ्टिंगवाल्यांना विचारायचं आणि नदीवर पोचल्यावर पुन्हा विचारायचं.

सुटलेल्या पाण्याला तोंड असतं, तशीच शेपूटही. पाणी ताशी ५ किलोमीटरने चालत असेल, तर ६ किलोमीटर खाली पोचायला त्याला तासाहून अधिक वेळ लागतो. पाण्याचं तोंड आल्याबरोबर निघालात तर वल्हवता वल्हवता त्याच्या पुढे जाल आणि कोरड्या धोंड्यांत रुताल. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. उलट, फार उशीर केला तर मागून शेपूट गाठते. खडक वर येतात आणि कयाक त्यांच्यावर आडवी पडते. अशा वेळी खडकापासून दूर झुकावंसं वाटतं, पण त्याने वरच्या अंगाची कड बुडून नाव पाण्याने भरते. झुकायचं ते खडकाकडेच. नाव उलटली तर वाहत्या पाण्यात उभं राहू नये. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की मागून येणारा लोंढा तुम्हाला पालथं पाडतो, आणि कमरेएवढ्या पाण्यातही माणूस बुडतो. पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने, पाण्याच्या वर ठेवायचे आणि हातांनी काठ गाठायचा. वाटेत बंधारा दिसला तर आधीच उतरून नाव काठाने उचलून न्यायची. बंधाऱ्याखालचं पाणी उलटं फिरून माणसाला पुन्हा भिंतीकडेच ओढतं.

खालचं पाणी चंद्रावर चालतं, म्हणून त्याचा हिशेब महिनाभर आधी करता येतो. कोकणातला जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आडाखा अंदाजापुरताच घ्यावा, निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावंच. कोष्टकातली वेळ किनाऱ्याची असते, नदीत आत भरती उशिरा पोचते. किती उशिरा, हे तिथला होडीवाला सांगेल.

खाडीत एरवी लाटा नसतात, धारेत खडक नसतात, म्हणून ती सोपी वाटते. आमच्या मते दोहोंत फसवी तीच. शांत पाण्यात ताशी ४ किलोमीटर वल्हवणाऱ्याला ३ किलोमीटर परतायला पाऊण तास पुरतो. समोरून अडीच किलोमीटरची ओहोटी असली तर त्याच अंतराला दोन तास लागतात, आणि दुपारचं खारं वारं सुटलेलं असेल तर ओहोटीवर आखूड, उभ्या लाटा उठतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे सगळं वाढतं. नवख्याने अष्टमीच्या आसपासचा, भांगाचा म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेला दिवस निवडावा. पूर्ण भरतीच्या दीड तास आधी धक्क्यावरून निघून भरतीबरोबर वरच्या अंगाला जायचं, पाणी थबकलं की वळायचं आणि पुढच्या दीड तासात परत धक्क्याला लागायचं. त्यानंतर काठाला चिखल उघडा पडतो. सुकतीत, म्हणजे ओहोटीत, नाव रुतली तर खाली उतरू नका, गुडघ्यापर्यंत पाय जातात. नावेतच बसून पाण्याची वाट पाहायची. त्यासाठी माणशी किमान २ लिटर पाणी आणि टोपी हवीच.

मधल्या टप्प्यात आपण कोणत्या पाण्यावर आहोत ते कळत नसेल तर मुख्य धारेत सुकं पान टाका. ते वरच्या अंगाला सरकलं तर भरती आहे, सोडलेलं पाणी मुख्य धारेत मागे जात नाही. पान खालच्या अंगाला जात असेल तर एवढ्यावरून निकाल लागत नाही. मग पाण्याच्या कडेला काठी रोवून १० मिनिटं थांबा. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटरचा असेल तर ऐन जोरातही १० मिनिटांत पाणी १२-१३ सेंटिमीटरच चढतं. तेवढ्यात गुडघाभर चढलं तर ते वरून आलंय, सामान उचलून काठ चढा. काठाला खारफुटी आणि दगडांना चिकटलेली कालवं दिसली तर भरती तिथवर येते हे नक्की.

लाइफ जॅकेट दोन्हीकडे पट्टे आवळून, हेल्मेट मात्र फक्त वरच्या टप्प्यात. वरची कयाक आखूड, झटकन वळणारी हवी. खाडीत लांब, सरळ चालणारी बरी. पावसाळ्यात नवख्याने दोन्हीकडे जाऊ नये: वरून पूर आणि खालून उधाण आलं की पाण्याला निचऱ्याची वाटच उरत नाही.