नेम काळजावर, घाव पोटावर : ‘द जंगल’ची पार्श्वभूमी

अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांवरची ‘द जंगल’ ही कादंबरी १९०६मध्ये आली आणि अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला, असं नेहमी सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. कादंबरी अर्पण केली होती अमेरिकेतल्या कामगारांना, आणि त्या कायद्यातून त्यांच्या पदरात जवळजवळ काहीच पडलं नाही.

कामगाराची हीच उपेक्षा त्याआधी पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका कथेत दिसते. एप्रिल १८६१च्या ‘अटलांटिक मंथली’त रिबेका हार्डिंग डेव्हिस यांची ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’ लेखिकेच्या नावाविना छापून आली. त्या राहायच्या व्हीलिंगला, ओहायो नदीकाठच्या लोखंडाच्या कारखान्यांच्या गावी. कथेचा नायक ह्यू वुल्फ भट्टीवरचा वेल्श मजूर. लोखंड ओतून घेतल्यावर उरणाऱ्या हलक्या, सच्छिद्र, कातडीच्या रंगाच्या मळीला तिथे ‘कोर्ल’ म्हणतात. कामातून उसंत मिळाली की वुल्फ त्या मळीतून मूर्ती घडवतो. कारखाना बघायला आलेल्या साहेब लोकांना अंधारात हात पसरून बसलेली एक बाई दिसते, मळीचीच. हिला काय हवंय, असं ते विचारतात. वुल्फ म्हणतो, ‘भुकेली आहे ती.’ आणि लगेच सांगतो, भूक मांसाची नाही. साहेबांना काही उमगत नाही.

पुढे एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावातली पेम्बर्टन ही कापड गिरणी १० जानेवारी १८६० रोजी कोसळली त्यावर कथा लिहिली. ओतीव लोखंडाचे खांब सदोष होते, त्यांवर मजले पेलले नाहीत. ‘द सायलेंट पार्टनर’ (१८७१) या कादंबरीसाठी त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या कामगार सांख्यिकी खात्याचे अहवाल वापरले. कादंबरीकाराने सरकारी अहवाल हाताशी घेऊन लिहावं, ही वाट इथे दिसते. सिंक्लेअर त्याच वाटेने गेले, फक्त अहवाल त्यांनी स्वतः गोळा केला.

१९०४च्या उन्हाळ्यात शिकागोच्या कत्तलखान्यांतला संप फसला. त्यानंतर कॅन्ससमधल्या ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकाने ५०० डॉलर आगाऊ देऊन सिंक्लेअरना लिहायला बसवलं. ते सात आठवडे शिकागोत राहिले. जुने कपडे आणि हातात जेवणाचा डबा, एवढ्यावर कारखान्यांत कुठेही शिरता येई. फेब्रुवारी १९०५पासून कादंबरी क्रमशः सुरू झाली, आणि फेब्रुवारी १९०६मध्ये काटछाट होऊन पुस्तकरूपात आली.

वाचकांनी ती कशी वाचली, हे नवव्या प्रकरणात कळतं. तिथे कामाच्या जागेनुसार रोगांची यादी आहे. खारवणाच्या खोलीत काम करणाऱ्याला नुसतं खरचटलं तरी जखम चिघळते. सुरीने मांस सोलणाऱ्याचा अंगठा उरत नाही. लोकर उपटणाऱ्यांची बोटं तेजाबाने झिजतात. यादीच्या शेवटी वाफेच्या कढईत पडणारे कामगार येतात. त्यांतल्या काहींचा पत्ता कित्येक दिवस लागत नाही आणि ते चरबीच्या डब्यांत जातात. यादी कामगारांच्या यातनांची आहे. देशाला मात्र तेवढा चरबीचा डबा आठवणीत राहिला. ‘मी लोकांच्या काळजावर नेम धरला आणि चुकून घाव पोटावर बसला,’ असं सिंक्लेअर यांनी त्याच वर्षी लिहिलं.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चार्ल्स नील आणि जेम्स रेनल्ड्स यांना पाहणीला पाठवलं. ४ जूनला त्यांचा अहवाल काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, गेला आणि ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीच्या कायद्यावर सही झाली. कापण्याआधी जनावराची आणि नंतर धडाची तपासणी, नापास धड निरीक्षकासमोर नष्ट करायचं, शिक्क्याशिवाय माल राज्याबाहेर न्यायचा नाही. पण तपासणीचा खर्च कंपन्यांवर न टाकता सरकारने उचलला, आणि डब्यावर तारीख घालण्याची अट गळाली. कामाचे तास, मजुरी, अपघाताची भरपाई यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

याचं एक कारण वाचकांत होतं. मांस सगळेच खात, कत्तलखान्यात हात गमावणारे परदेशातून आलेले, बहुतेक मताधिकार नसलेले. दुसरं कारण राज्यघटनेत होतं, आणि माझ्या मते ते जास्त वजनदार. राज्याराज्यांतल्या व्यापारावर केंद्राचा अधिकार होता, म्हणून मांस त्याच्या हातात आलं. कामाचे तास राज्यांकडे होते. आणि कादंबरी क्रमशः येत असतानाच, एप्रिल १९०५मध्ये, बेकरी कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घालणारा न्यू यॉर्कचा कायदा सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. इलिनॉयमध्ये अपघात भरपाईचा कायदा झाला १९११मध्ये. शिकागोच्या कत्तलखान्यांत कामगार संघटना घट्ट रुजायला १९३०चं दशक उजाडावं लागलं.