कॉम्प्रेसर बंद, तरी घर गार

पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात, जमिनीखाली सुमारे २८ मीटरवर, अठराव्या शतकात एक थर्मामीटर बसवला गेला. वर बर्फ पडो की ऊन तापो, त्याचा पारा १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहिला. उन्हाळ्याची ऊब जमिनीत फार सावकाश उतरते. सहा-सात मीटरवर ती पोचेपर्यंत वर हिवाळा आलेला असतो, आणि १०-१५ मीटरखाली तर ऋतूंची चाहूलही लागत नाही. तिथलं तापमान त्या जागच्या हवेच्या वार्षिक सरासरीजवळ असतं.

थंड देशांतले भू-उष्णता पंप याच थराशी जोडलेले असतात. शंभरेक मीटरच्या बोअरमध्ये सोडलेल्या नळीतून गोठणरोधक मिसळलेलं पाणी फिरतं. हिवाळ्यात त्यातली उष्णता कॉम्प्रेसर चढ्या तापमानाला नेऊन घराला देतो. उन्हाळ्यात मात्र त्याची गरजच पडत नाही. बोअरमधलं गार पाणी एका उष्णता-विनिमयकातून (दोन पाणी एकमेकांत न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या साधनातून) जातं, पलीकडे फरशीखालच्या नळ्यांतलं पाणी गार होतं आणि खोलीतली उष्णता जमिनीत जाते. वीज लागते ती फक्त पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपांना. शिवाय हिवाळाभर उष्णता उपसून गारठलेल्या बोअरला ती परत मिळते, पुढच्या थंडीत कामी येते. मला या योजनेतला हाच भाग सर्वांत हुशारीचा वाटतो.

अडचण येते ती दमटपणाची. खोलीत २६ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचू लागते ते, साडेसतरा अंशांच्या आसपास असतो. २० अंशांची फरशी कोरडी राहते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की दवबिंदू २२ च्या वर चढतो आणि तीच फरशी ओली, निसरडी होते. म्हणून आर्द्रतामापक लावून फरशीखालचं पाणी दवबिंदूच्या वरच ठेवावं लागतं. साहजिकच गारवा बेताचा मिळतो. खोली काही अंशांनी उतरते, पण एसीसारखी हवा कोरडी होत नाही. त्यातून बोअरही उन्हाळाभर हळूहळू तापत जाते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत जोर कमी पडतो. खिडक्यांवर बाहेरून सावली नसेल, तर आत येणाऱ्या उन्हापुढे या गारव्याचं फारसं चालत नाही.

जिथे वार्षिक सरासरीच २५-२६ अंश आहे, तिथे नुसतं पाणी फिरवून भागत नाही. कॉम्प्रेसर चालू करावाच लागतो. तरीही तिथे जमिनीचा उपयोग होतोच. ४० अंशांच्या हवेत उष्णता सोडण्यापेक्षा २७-२८ अंशांच्या जमिनीत सोडायला कॉम्प्रेसरला कमी वीज लागते.