दिवाळीला पोहेच का? थोडी पार्श्वभूमी

नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून अंघोळ झाली, तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं की आमच्याकडे पहिल्यांदा पोहे खातात, लाडू-चकलीचा डबा नंतर उघडतो. गूळ-खोबऱ्याचे पोहे, दूधपोहे, दहीपोहे आणि मग पोरांसाठी फोडणीचे. कोपरखैरण्याला आमच्या बिल्डिंगमध्ये घाटावरचे, गुजराती, साऊथचे असे सगळे आहेत, त्यातल्या एका ताईंनी परवा विचारलं की अहो पोहे तर आपण रोज नाश्त्याला खातो, सणाला त्याचं काय एवढं, आणि मला ते लिफ्टमध्ये उभ्या उभ्या सांगता येईना म्हणून इथे नीट लिहितोय.

मुळात दिवाळी आपल्या कोकणपट्टीत येते तीच भातकापणीच्या मधोमध. हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे कापायला येतं, गरवं दिवाळीच्या सुमाराला किंवा त्यानंतर. कोजागिरीला कोकणात नवान्न पौर्णिमा म्हणतात ते उगाच नाही, नव्या लोंब्या दाराला बांधायच्या, नवा तांदूळ देवाला दाखवायचा. पण नव्या तांदळाची एक अडचण असते, त्याचा भात शिजवला की गिच्च होतो, मोकळा होतच नाही, म्हणून तर जुन्या तांदळाला भाव जास्त. मग हातात नवं भात आहे, गेल्या वर्षीची कणगी श्रावण-भाद्रपदात रिकामी झालेली आहे आणि सण तोंडावर आलाय, अशा वेळी त्याचे पोहे करणं हा सगळ्यात शहाणपणाचा उपाय. भिजवून, भाजून, कांडून ठेवले की टिकतात, आणि खायला चूलसुद्धा पेटवावी लागत नाही.

माझ्या आजीकडे उखळात पोहे कांडायचे ते मी लहानपणी पाहिलंय. भात रात्रभर भिजत घालायचं, सकाळी निथळून तापलेल्या खापरात भाजायचं, टरफल तडतडायला लागलं की लगेच गरम असतानाच उखळात. दोघी समोरासमोर उभ्या, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि मध्ये तिसरी पटकन हात घालून खालचं वर करायची, मला तर ते बघूनच भीती वाटायची. सगळी गोम त्या गरमपणात आहे. भिजून भाजलेला दाणा आतून मऊ झालेला असतो तोवर तो चपटा होतो, जरा गार झाला की मुसळ बसल्यावर तुटून कणी होते. मग सुपात पाखडलं की कोंडा उडून जायचा आणि खाली जाडसर, कडेला तांबूस रेघ असलेले पोहे राहायचे. त्यांना वास यायचा तो पॅकेटमधल्या पोह्यांना कधीच येत नाही.

आणि हे प्रकरण जुनं किती बघा. संस्कृतात पोह्यांना पृथुक म्हणतात, अमरकोशात पृथुक आणि चिपिटक हे दोन शब्द एकाच अर्थाने दिलेत. सुदाम्याची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे, भागवताच्या दहाव्या स्कंधात त्याची बायको शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. घरात काही नसलं तरी शेजारी मूठभर मिळतील आणि वाटेत खराब होणार नाहीत असा पदार्थ होता तो. फोडणीचे बटाटेपोहे मात्र त्यामानाने कालचे. बटाटा, मिरची, शेंगदाणा हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले, आपल्याकडे आले ते पोर्तुगीज काळापासून पुढे. वसई पोर्तुगीजांच्या हातात गेली १५३४ ला, बटाटा हा शब्दच मुळी त्यांचा. त्याआधी तिखटाला मिरी होती. म्हणजे दिवाळीच्या ताटात खरे जुने कोण, तर गूळपोहे आणि दहीपोहे.

मला सगळ्यात आवडलेला भाग पुढे आहे. हे फक्त आपलं नाही, भात पिकवणाऱ्या बऱ्याच देशांत नवा तांदूळ आला की असंच काहीतरी चालतं. नेपाळमध्ये पोह्यांना चिउरा म्हणतात, तिहारच्या म्हणजे तिथल्या दिवाळीच्या दिवसातही तो ताटात असतो. कंबोडियात पोह्यांना अंबोक म्हणतात आणि ते खातात कधी, तर त्यांच्या जलोत्सवाला, कार्तिकी पौर्णिमेला, चंद्राला नमस्कार करून केळं आणि नारळपाण्याबरोबर. त्यांच्या त्या महिन्याचं नावही आपल्या कार्तिकावरूनच आलंय! आपण त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावतो त्याच रात्री तिकडे पोहे खातात. व्हिएतनामला हनोईजवळच्या वोंग गावचा कोम प्रसिद्ध आहे, कोवळ्या चिकट तांदळाचे हिरवे पोहे, कमळाच्या पानात बांधून विकतात. तिथे गोष्ट अशी सांगतात की एका वर्षी पुरात पीक बुडायला लागलं म्हणून लोकांनी अर्धकच्चं भात कापून भाजून खाल्लं आणि त्यातून कोम आला. कोरियात पोहे नाहीत पण चुसोकला, म्हणजे त्यांच्या सुगीच्या सणाला, नव्या तांदळाची अर्धचंद्राच्या आकाराची सोंगप्योन करतात, आत तीळ नाहीतर डाळींचं सारण, पाईनच्या पानांवर वाफवलेली. आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या ना?

आता आपल्या नवी मुंबईकडे. ज्या जमिनीवर आज आपले टॉवर आहेत ती खाडीकाठची खारजमीन होती, बांध घालून, उघाड्या म्हणजे पाणी सोडायची दारं बसवून आगरी लोकांनी पिढ्यानपिढ्या कसलेली, आणि बाकी मिठागरं. त्या खारट मातीत तग धरणारा राता नावाचा लाल भात पिकायचा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२ अशा जातीही काढल्या. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ आलं, ९५ गावांची जमीन संपादनात गेली, ३४४ चौरस किलोमीटरचं शहर उभं राहिलं, आणि गावठाणातल्या घरात उखळ राहिलं पण त्यात घालायला स्वतःचं भात राहिलं नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. आता पोहे येतात तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारातून, नवसारीचे नाहीतर छत्तीसगडच्या भाटापाऱ्याचे, आणि तेही चांगलेच असतात, चिवड्याला पातळ लागतात ते तिकडचेच घ्यावेत.

गूळपोह्यांसाठी मात्र मी पेणला जाऊन येतो. पेण पापडांसाठी जितकं प्रसिद्ध तितकंच पोह्यांसाठीही, आणि आपल्याकडून काही फार लांब नाही. यंदा दोन किलो आणलेत, त्यातले अर्धा किलो त्या ताईंना बाजूला काढून ठेवलेत. त्यांना सांगितलंय की धुऊन लगेच निथळा, भिजत ठेवू नका, खोबरं त्याच पहाटे खवा आणि गूळ किसण्याऐवजी बारीक चिरून घाला.