खासगी पार्किंगची वसुलीपत्रं: इंग्लंड-वेल्समध्ये कुठलं पत्र नुसतं जपायचं आणि कुठल्याला मुदतीत उत्तर द्यायचं

आधी पाठवणाऱ्याचं नाव आणि मथळा वाचायचा, रक्कम नंतर. 'पीसीएन' ही अक्षरं दोन अगदी वेगळ्या कागदांवर असतात. कौन्सिलचं पीसीएन म्हणजे पेनल्टी चार्ज नोटीस, हा कायद्याने लावलेला दंड. सुपरमार्केट, रिटेल पार्क, हॉस्पिटल किंवा फ्लॅट्सच्या आवारात पार्किंग चालवणाऱ्या कंपनीचं पीसीएन म्हणजे पार्किंग चार्ज नोटीस. कंपनीच्या म्हणण्यानुसार तुम्ही फलकावरच्या अटी मान्य करून गाडी लावली आणि त्या मोडल्या, म्हणून आलेलं हे खासगी बिल. कौन्सिलचा दंड न भरल्यास सुनावणीशिवायही मामला खऱ्या बेलिफपर्यंत, म्हणजे सामान जप्त करण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत, जातो, त्यामुळे खालचं काहीही त्या दंडाला लावू नका. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियमही निराळे आहेत. इथली माहिती फक्त इंग्लंड आणि वेल्सची.

१७० पौंड येतात कुठून?

पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटना आहेत, बीपीए (ब्रिटिश पार्किंग असोसिएशन) आणि आयपीसी (इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी). त्यांच्या आचारसंहितेनुसार मूळ आकार जास्तीत जास्त १०० पौंड, आणि १४ दिवसांत भरला तर ४० टक्के सूट, म्हणजे ६०. वेळेत काहीच झालं नाही की फाइल वसुली कंपनीकडे जाते आणि त्यात ७० पौंड 'रिकव्हरी'चे चढतात, म्हणजे एकूण १७०. हे ७० पौंड कशाचे, तर बहुतेक वेळा संगणकाने आपोआप छापलेल्या तीन-चार पत्रांचे. कीपरवर, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्यावर, जबाबदारी टाकणारा जो कायदा आहे, त्यात कीपरकडून मूळ नोटिशीतल्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही असं स्पष्ट आहे. तरीही हे ७० पौंड जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात.

वसुली कंपनी म्हणजे बेलिफ नव्हे. तिला दारात येऊन सामान उचलण्याचा अधिकार नाही, गाडीला जॅमर लावण्याचाही नाही (खासगी जागेतली क्लॅम्पिंग १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद आहे). तिच्या पत्रामुळे क्रेडिट रेकॉर्डवर काही चढत नाही. पत्रांचा क्रमही ठरलेला असतो: आधी आठवण, मग लाल मथळा, मग 'कोर्टात पाठवण्याची शिफारस करणार आहोत', आणि मधेच कधीतरी 'आत्ता भरलंत तर इतके पौंड कमी'. 'शिफारस करणार' म्हणजे दावा नव्हे. या पत्रांना उत्तर देणं बंधनकारक नाही, आणि फोन तर करूच नये. फोनवर 'हो, मीच लावली होती गाडी' एवढं वाक्य निघून जातं आणि मग ते परत घेता येत नाही. पत्रं मात्र फेकायची नाहीत. लिफाफ्यासकट, तारखेप्रमाणे एका फोल्डरमध्ये ठेवायची.

याला एक अपवाद आहे. वसुलीपत्र हेच तुम्हाला मिळालेलं पहिलं पत्र असेल, तर मूळ नोटीस जुन्या पत्त्यावर गेली असं समजा आणि त्याच आठवड्यात पार्किंग कंपनीला लिहा. कसं ते पुढे येतं.

कीपर कोण, चालक कोण

पैसे खरं तर चालकाने द्यायचे असतात, कारण अटी त्याने मान्य केलेल्या असतात. चालक कोण हे कंपनीला माहीत नसतं. ती डीव्हीएलएकडून (गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून) नंबर प्लेटवरून नोंदणीकृत कीपरचं नाव-पत्ता अडीच पौंडांत विकत घेते. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ च्या चौथ्या परिशिष्टाने ही जबाबदारी कीपरवर टाकता येते, पण अटी काटेकोरपणे पाळल्या तरच. काचेवर काही चिकटवलं नसेल, नुसत्या कॅमेऱ्यावरून नोटीस काढली असेल, तर ती कीपरला १४ दिवसांत पोचली पाहिजे, आणि मोजणी पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून. गाडी ३ मार्चला लावली असेल तर शेवटचा दिवस १७ मार्च. पोस्टाने पाठवलेली नोटीस टाकल्यापासून दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोचली असं धरलं जातं. म्हणजे नोटिशीवर १६ तारीख छापलेली असेल तर ती वेळेत पोचलेली नाही. काचेवर तिकीट लावलं असेल तर कीपरची नोटीस २८ दिवस उलटल्यावर आणि ५६ दिवसांच्या आत यायला हवी. विमानतळ किंवा रेल्वेच्या ज्या जागेला स्वतःचे उपनियम आहेत, तिथे हा कीपरवाला कायदा लागूच होत नाही.

म्हणून लिहिताना 'मी गाडी लावली' असं न लिहिता 'चालकाने गाडी लावली' असं लिहायचं. खोटं बोलायचं नाही, पण खासगी कंपनीला चालकाचं नाव सांगण्याची सक्ती कीपरवर नाही.

'खासगी आहे, कचऱ्यात टाका' हा सल्ला मात्र जुना झाला. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट असताना जवळपास तासभर जास्त थांबल्याबद्दल लावलेले ८५ पौंड सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१५ मध्ये वैध ठरवले. फलक ठळक असेल, नोटीस वेळेत आली असेल आणि गाडी खरंच तासभर जास्त उभी असेल, तर भांडण्यात फारसा अर्थ नाही. अशा वेळी थेट पार्किंग कंपनीला, वसुली कंपनीला नव्हे, मूळ १०० पौंड देऊ करणं शहाणपणाचं.

पत्ता: निम्म्या तक्रारींचं मूळ

भाड्याचं घर बदललं की लोक डीव्हीएलएवर लायसन्सचा पत्ता बदलतात आणि काम झालं असं मानतात. गाडीच्या लॉगबुकचा, म्हणजे व्ही फाइव्ह सीचा, पत्ता वेगळा बदलावा लागतो. दोन्ही ऑनलाइन आणि फुकट. लॉगबुक राहून गेलं की नोटीस, वसुलीपत्र आणि शेवटी कोर्टाचा दावासुद्धा जुन्या घरी जातो. तिथला नवा भाडेकरू पत्रं कोपऱ्यात रचतो आणि निकाल तुमच्याविरुद्ध एकतर्फी लागतो. वर्षभराच्या कराराने राहणारे विद्यार्थी, दर सहा महिन्यांनी हॉस्पिटल बदलणारे डॉक्टर, प्रोजेक्ट संपला की शहर बदलणारे आयटीवाले: आपली मराठी मंडळी नेमकी याच गटांत जास्त आहेत.

पत्ता चुकला आहे हे कळल्यावर पार्किंग कंपनीच्या डेटा प्रोटेक्शन ऑफिसरला ईमेल करायचा: गाडीचा नंबर, नोटिशीचा क्रमांक, आत्ताचा पोस्टाचा पत्ता, 'जुना पत्ता पुसून टाका आणि ज्यांना दिलात त्यांनाही कळवा' ही मागणी, आणि त्याच पत्रात 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट', म्हणजे माझ्याबद्दलची तुमच्याकडची सगळी माहिती द्या ही मागणी. मूळ नोटीस, फोटो, कॅमेऱ्याच्या वेळा हे सगळं कंपनीला एक महिन्यात फुकट द्यावं लागतं.

जिथे उत्तर द्यायलाच हवं

मथळ्यावर 'लेटर ऑफ क्लेम' किंवा 'लेटर बिफोर क्लेम' असेल, बहुधा सॉलिसिटरचं नाव असेल, ३० दिवसांची मुदत असेल आणि सोबत उत्तराचा फॉर्म व उत्पन्न-खर्चाचा तक्ता असेल, तर हे ते पत्र. 'नोटीस ऑफ इंटेन्डेड कोर्ट ॲक्शन' अशा नावाखाली १४ दिवसांची मुदत आणि नुसती मागणी असेल, तर ते अजून वसुलीपत्रच. ३० दिवसांत ईमेलने कळवा: देणं अमान्य आहे, अमुक कारणांसाठी, मूळ नोटीस, जागेवरच्या फलकाचे तारखेसह फोटो, जमीनमालकाशी असलेला करार आणि ७० पौंडांचा हिशेब पाठवा. देणंच अमान्य असेल तर उत्पन्न-खर्चाचा तक्ता भरू नका. पगार, भाडं, बचत या गोष्टींशी त्यांचा त्या घटकेला संबंध नसतो.

यानंतर येतो खरा दावा. नॉर्थॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरचा क्लेम फॉर्म, त्यावर दाव्याचा क्रमांक, पासवर्ड आणि इश्यूची (दावा निघाल्याची) तारीख. घोळ होतो तो याच तारखेवरून. दावा ३ जूनला इश्यू झाला तर तो पाचव्या दिवशी, ८ जूनला बजावला असं धरतात. तिथून १४ दिवस, म्हणजे २२ जूनपर्यंत, 'ॲक्नॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस' (दावा मिळाल्याची पोच) ऑनलाइन भरायचं. ते भरलं की बचाव दाखल करायला ८ जूनपासून एकूण २८ दिवस मिळतात, म्हणजे ६ जुलैपर्यंत. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, दोन-तीन दिवस आधीच उरका.

ॲक्नॉलेजमेंट भरताना 'संपूर्ण दाव्याचा बचाव करणार' एवढंच निवडायचं. खाली 'न्यायक्षेत्राला आव्हान' असा एक पर्याय असतो, तो भारदस्त वाटतो म्हणून लोक टिक करतात आणि अडकतात. तो परदेशी किंवा वेगळ्या न्यायक्षेत्राच्या वादांसाठी आहे. बचावाच्या चौकटीतही त्या दिवशी एक अक्षर लिहू नका. तिथे 'सविस्तर नंतर पाठवतो' लिहून सबमिट केलं की तेवढाच तुमचा बचाव म्हणून नोंद होऊ शकतो.

पुढे कोर्टाकडून एन १८० हा प्रश्नावलीचा फॉर्म येतो. सुनावणीसाठी आपल्या घराजवळचं कोर्ट निवडायचं, ते मिळतं. २२ मे २०२४ पासून अशा छोट्या रकमेच्या दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे. ती फुकट असते आणि साधारण तासभराची वेळ देतात. मध्यस्थ तडजोड लादू शकत नाही, पण फोनच उचलला नाही तर त्याचे परिणाम होतात. 'माझा देकार शून्य आहे' असं सभ्यपणे सांगून संवाद संपवता येतो. सुनावणीच्या आधी, सहसा १४ दिवस, सही केलेलं निवेदन आणि पुरावे कोर्टाला व समोरच्याला द्यायचे: पार्किंगच्या पैशाची पावती किंवा ॲपचा मेसेज, दुकानातल्या खरेदीची पावती, भाडेकरार आणि त्यातली पार्किंगची कलमं, जागेचे स्वतः काढलेले फोटो. फोटो संध्याकाळचे हवेत. दुपारी उन्हात वाचता येणारा फलक रात्री दिव्याविना दिसतो का, हाच मुद्दा कित्येकदा खटला फिरवतो.

हरलात तर? साधारण हिशेब असा: मूळ १००, दाव्याची फी ३५, सॉलिसिटरचे ठरावीक ५०, सुनावणीची फी २७, आणि काही पौंड व्याज. म्हणजे २१२ च्या वर थोडं. ७० पौंड द्यायचे की नाही ते न्यायाधीश ठरवतात. लहान दाव्यांत समोरच्याच्या वकिलाचा पूर्ण खर्च तुमच्यावर पडत नाही. रक्कम निकालापासून एक महिन्याच्या आत पूर्ण भरली की सीसीजेची (काउंटी कोर्टाच्या निकालाची) नोंद रजिस्टरमधून निघते, नाहीतर ती सहा वर्षं राहते. मग मॉर्टगेज, फोनचा करार, घरभाड्याची तपासणी, सगळीकडे ती आडवी येते. नागरिकत्वाच्या अर्जातही दिवाणी निकालांबद्दल विचारतात, तेव्हा ती नोंद लपवण्याचा विचार करू नका.

माहीत नसताना निकाल लागला असेल तर

क्रेडिट रिपोर्टमध्ये अनोळखी सीसीजे दिसला की त्याच दिवशी निकाल देणाऱ्या कोर्टाला फोन करून दाव्याचा क्रमांक, दाव्याची प्रत आणि कुठल्या पत्त्यावर पाठवला ते विचारा. नंतर एन २४४ फॉर्मने निकाल रद्द करण्याचा अर्ज. त्याची फी ३०० पौंडांहून जास्त आहे; उत्पन्न कमी असेल तर सवलतीचा अर्ज वेगळा करता येतो. सोबत निवेदन, आदेशाचा मसुदा आणि दावा निघाला त्या काळात तुम्ही दुसरीकडे राहत होता याचे कागद: भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं बिल, बँक स्टेटमेंट, लॉगबुक. भारतात परतला होतात तर पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकीट. कळल्यापासून महिनाभर गप्प बसलात तर कोर्ट पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतं, त्यामुळे हे काम दोन आठवड्यांच्या आत टाका.

भारतात कायमचं परत जाणाऱ्यांनी गाडी विकताना डीव्हीएलएला कळवल्याची पोच जपून ठेवावी. पार्किंगचा दावा सहा वर्षांपर्यंत लावता येतो, त्यामुळे रॉयल मेलचं रीडायरेक्शन घेऊन पत्रं पुण्याच्या किंवा नाशिकच्या पत्त्यावर वळवता येतात, निदान पहिलं वर्षभर.